युरोपात जैवतंत्रज्ञानाचे पेटंट घेताना या चुका टाळा

विज्ञान पक्के असूनही युरोपात पेटंट हातचे जाते, आणि त्यामागे पुष्कळदा एखादी चुकलेली तारीख किंवा राहून गेलेली सही असते. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आधी प्रसिद्धी आणि मग अर्ज. संशोधकाने स्वतः शोध प्रसिद्ध केल्यानंतरही अर्ज करायला अमेरिकेत एक वर्षाची मुभा असते. युरोपीय पेटंट करारात ती नाही. परिषदेतील भित्तिपत्रक, ग्रंथालयात खुला झालेला प्रबंध किंवा गुप्ततेचा करार न करता गुंतवणूकदारांपुढे केलेले सादरीकरण, यांपैकी काहीही अर्जाच्या आधी घडले तर नावीन्य संपते, मग ते जगात कुठेही आणि कोणत्याही भाषेत असो. मराठी नियतकालिकात हौसेने लिहिलेला लेखही त्यात मोडतो. सहा महिन्यांची सवलत मिळते ती फक्त उघड विश्वासघात किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शन एवढ्यापुरतीच.

दुसरी चूक कागदोपत्री वाटते, पण तिने क्रिस्परसारख्या (जनुकांत नेमके बदल करण्याच्या तंत्राच्या) शोधाचे पेटंट बुडवले. पहिल्या अर्जानंतर बारा महिन्यांत युरोपात अर्ज केल्यास पहिली तारीख धरली जाते; हा अग्रहक्क. ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अमेरिकेतील प्राथमिक अर्जांवरील रॉकफेलर विद्यापीठातील एका सहअर्जदाराचे नाव पुढच्या आंतरराष्ट्रीय अर्जात नव्हते आणि त्याने आपला हक्क सोपवल्याचेही सिद्ध झाले नाही. त्यामुळे आधीच्या तारखा गेल्या, मधल्या काळातील प्रकाशने आड आली आणि 2018 मध्ये पेटंट रद्द झाले. जानेवारी 2020 मध्ये अपीलही फेटाळले गेले. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने 2023 मध्ये अर्जदाराकडे अग्रहक्क आहे असे प्रथमदर्शनी गृहीत धरण्याची भूमिका घेतली असली, तरी ते गृहीतक खोडता येते. म्हणून प्रत्येक सहसंशोधकाचे लेखी हस्तांतरण युरोपीय अर्जाच्या आधीच करून घ्यावे. भारतात राहणाऱ्या संशोधकाने आणखी एक बंधन पाळावे: परदेशात अर्ज करण्यापूर्वी भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

अमेरिकेतील अर्जाचे दावे (नेमके कशाला संरक्षण हवे ते सांगणारी कलमे) जसेच्या तसे युरोपात उतरवणे हीही नित्याची चूक. उपचाराच्या पद्धतीवर येथे पेटंट मिळत नाही. त्या उपचारात वापरायच्या द्रव्यावर, ‘अमुक रोगासाठी’ असा दावा मांडावा लागतो. जनुकाचा नुसता क्रम देऊन भागत नाही, कारण युरोपीय संघाच्या 1998 च्या जैवतंत्रज्ञान निर्देशानुसार त्याचा औद्योगिक उपयोग अर्जातच सांगावा लागतो. मूळपेशींच्या बाबतीत तर युरोपीय न्यायालयाने 2011 मध्ये ब्रुस्टले खटल्यात स्पष्ट केले की ज्या शोधासाठी मानवी गर्भ नष्ट करावा लागतो तो पेटंटयोग्य नाही, आणि दाव्यात गर्भाचा उल्लेख टाळल्याने त्यातून सुटका होत नाही.

नवा सूक्ष्मजीव केवळ शब्दांत इतका नेमका सांगता येत नसेल की तज्ज्ञाला तो पुन्हा मिळवता येईल, तर त्याचा नमुना मान्यताप्राप्त ठेवकेंद्रात अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेला असला पाहिजे. नोंदणी क्रमांक नंतर, अग्रहक्काच्या तारखेपासून सोळा महिन्यांपर्यंत कळवता येतो. जमा करण्याची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राला सूक्ष्मजीवांचे नमुने जमा करण्याविषयीच्या बुडापेस्ट या आंतरराष्ट्रीय कराराखाली ही मान्यता असल्याने महाराष्ट्रातील प्रयोगशाळांना त्यासाठी दूर जावे लागत नाही.

पेटंट मंजूर झाल्यावर अनेक जण निर्धास्त होतात, पण तेथूनही मुदती सुरूच राहतात. 1 जून 2023 पासून उपलब्ध असलेल्या एकात्मिक पेटंटसाठी (युरोपीय संघातील अनेक देशांत एकत्र लागू होणाऱ्या पेटंटसाठी) मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात विनंती करावी लागते. स्पेन, पोलंड, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड त्यात येत नाहीत, त्यामुळे तेथे स्वतंत्र व्यवस्था करावी. औषधाच्या बाबतीत विक्रीपरवान्याची वाट पाहण्यात पेटंटची बरीच वर्षे संपतात. त्याची भरपाई म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षांचे पूरक संरक्षण प्रमाणपत्र मिळू शकते. त्याचा अर्ज परवान्यापासून, किंवा पेटंट नंतर मंजूर झाले असल्यास त्या मंजुरीपासून, सहा महिन्यांच्या आत आणि प्रत्येक देशात वेगळा करावा लागतो.