मांगरातली पिकअप: पहिला नट सोडण्याआधीची यादी

देवगडला आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीच्या सामानाच्या शेडमध्ये, महिंद्राची एक जुनी पिकअप तेरा वर्षं उभी होती. वडिलांनी तिच्यातून हापूसच्या पेट्या वाहिल्या, नंतर जांभ्याचे चिरे, नंतर शेणखत, आणि शेवटी तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मी ती दुरुस्त करायला काढली तेव्हा शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "ह्या डबड्यार पैशे घालण्यापरीस नवी घे मरे." त्यांचं चुकलं नव्हतं. पण मी घातलेल्या पैशांतला बराचसा भाग गाडीवर गेलाच नाही, तयारी न करता हात घातल्याच्या दंडात गेला. दुसऱ्या कोणाला तो भरावा लागू नये, म्हणून ही यादी. गाडी कुठलीही असो, गाव समुद्राजवळचं असेल तर यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, पाना नंतर. घाटावरचा माणूस मार्चमध्ये काम सुरू करून जूनमध्ये रंग मारू शकतो, आपण नाही. आपल्याकडे उघड्या पत्र्याचं आणि रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच नीट होतं. त्यामुळे उलटं मोजत या. शिमग्याची पालखी गावात येईपर्यंत रंग पूर्ण व्हायला हवा, म्हणजे वेल्डिंग जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे गंज काढणं दिवाळीनंतर लगेच, म्हणजे गाडी सुटी करणं पावसाळ्यातच. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग ही छपराखालची कामं मिरगापासून दसऱ्यापर्यंत खुशाल करा. फक्त गणपतीचे आठ-दहा दिवस कोणी मेकॅनिक येईल अशी आशा धरू नका. मार्च ते मे बागवाल्यांनी गाडीकडे बघूसुद्धा नये, आंबा थांबत नाही.

गाडी घरचीच असेल तर निवड करायची नसते, पण विकत घेणार असाल तर पहिला प्रश्न इंजिनाचा विचारू नका. विचारा, हिच्यातून मासळी गेली आहे का? बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षं चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकलेलं असतं, आणि वरून रंग कितीही चकाचक असला तरी आतून चाळण झालेली असते. मग हातोडी घ्या आणि चेसिसवर पुढून मागे टकटक करत जा. धड लोखंड टणटण वाजतं, सडलेलं थपथप. स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे चेसिसला धरलेली असतात ते हँगर, केबिन जिथे टेकते ते माउंट, बॅटरीखालचा ट्रे, दाराचा तळ आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इथे जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचा. पत्र्यात घुसला तर हरकत नाही, पत्रा बदलता येतो. चेसिसमध्ये घुसला आणि तोही एकाहून जास्त जागी, तर चहा पिऊन घरी जा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण आधीच करा. आमची आरसी वडिलांच्या नावावर होती आणि वडील नव्हते. अशा वेळी वारसाच्या नावावर गाडी करायला 31 नंबरचा फॉर्म लागतो, आणि घरच्या बाकी वारसांची संमती लागते. म्हणजे मुंबईतल्या दोन बहिणींना गणपतीत घरी आल्यावर सह्या मागायच्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी 25 नंबरच्या फॉर्मवर नूतनीकरण होतं. मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांपुढे दरवर्षी फिटनेस, वर पर्यावरण कर. राहिलेला कर आणि दंड किती आहे हे आधी काढा, कधी कधी तो आकडा ऐकूनच प्रकल्प संपतो. कोणी तुम्हाला "व्हिंटेजमध्ये टाक" असं सुचवेल. त्या 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेलीच गाडी बसते, तीही खासगी वापराची आणि मूळ रूपातली, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि मग ती रोज चालवायची किंवा भाड्याला लावायची नाही. माझी 1980 च्या दशकातली, त्यामुळे प्रश्नच नव्हता. एक मात्र विसरू नका. चेसिसवर ठोकलेला नंबर शोधून, साफ करून त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि वर ग्रीस फासून टेप लावा. ग्राइंडर फिरवणाऱ्या पोराला तो नंबर आणि गंज यातला फरक कळत नाही.

आता जागा. मांगर असेल तर उत्तम, पण सारवलेली जमीन असेल तर तिच्यातून ओल वर येतच राहते. खाली जाड प्लास्टिक आणि त्यावर फळ्या घाला. गाडी उचलून ठेवायला चिरे वापरू नका. हे मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण अंगणात चिऱ्यांचा ढीग असतोच आणि हात आपोआप तिकडे जातो. जांभा दिसायला दगड असला तरी मऊ आणि भोकाभोकांचा, भार एका कडेवर आला की फुटतो, आणि तेव्हा तुम्ही खाली असता. लोखंडी घोड्या आणा, नाहीतर लाकडाचे जाड ओंडके आडवे-उभे रचा. माडाखाली काही करू नका, कारण सांगायला नको. छप्पर झापांचं किंवा शेजारी गवताची गंजी असेल तर ग्राइंडरची ठिणगी किती लांब उडते ते एकदा संध्याकाळी काळोखात पाहून ठेवा. वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या हव्यात. वीज तपासा. वेल्डिंग मशीन साध्या पाच अँपियरच्या प्लगवर चालणार नाही, स्वतंत्र तार ओढून अर्थिंग करून घ्या.

आणि मग मीठ. खरं तर ही सगळी यादी या एका परिच्छेदासाठी आहे.

आपण गंजाला शत्रू समजतो आणि घासायला बसतो. पण किनाऱ्यावर गंजाच्या आत मीठ बसलेलं असतं, आणि ते तारेच्या ब्रशने निघत नाही, उलट खोल दाबलं जातं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की नुसतं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती सतत त्याच्या वर, आणि एरवीही रात्री-पहाटे तिथे पोचायला वेळ लागत नाही. म्हणजे गाडी कोरडी दिसली तरी मिठाच्या कणाभोवती पत्रा ओलाच असतो. त्यावर तुम्ही दोन हात रंग मारा, सहा महिन्यांत खालून फोड येतात. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो रंग उचलून बाहेर पडतो. मी पहिल्या वर्षी डाव्या दाराचं काम असंच केलं. मे महिन्यात ते दार पुरणपोळीसारखं फुगलं होतं.

तेव्हा घासण्याआधी धुवा, आणि धुताना पाणी कुठलं ते पहा. खाडीजवळच्या आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ पुसून मीठ चोळणं. जिभेवर थेंब घेऊन बघा, साबणाला फेस येतो का बघा. शंका असेल तर पावसाची वाट पहा. छपराच्या पन्हळीखाली दोन मोठी पिंपं ठेवली की आषाढात आठवड्याभरात हवं तेवढं गोडं पाणी मिळतं, आणि याहून स्वच्छ पाणी विकत घेऊनही मिळणार नाही. मात्र पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, त्यात छपरावरचं मीठ उतरतं. जोर लागतो, त्यासाठी बागेत फवारणी करायचा पंप चालतो. फक्त टाकी आणि नळी आधी चांगली धुऊन घ्या, नाहीतर औषधाचा वास पंधरा दिवस अंगाला येईल. चेसिसच्या आत, दुमडलेल्या कडांत, दाराच्या पोकळीत नळी घालून पाणी सोडा. पाणी निथळायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा, मध्ये वाळू द्या. खाली जे तांबडं पाणी वाहील ते तांबड्या मातीत मिसळून दिसेनासं होईल. जांभ्याला रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच, तेव्हा एका अर्थी गाडी गावच्या मातीत परत चाललेली असते. तिला थांबवायचं आहे.

हत्यारांत उगाच खर्च नको. रिंग पाने, गोटी पान्याचा सेट, टॉमी, छिन्नी, चार इंची ग्राइंडर, त्याला तारेचा कप ब्रश, आणि दोन चष्मे. एक फुटतो किंवा भाचा घेऊन जातो. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की कुडाळपर्यंतचा रस्ता फार लांब वाटतो. बोल्ट अडकलेले असणारच. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येकावर डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारत रहा, सोडवताना आधी किंचित आवळा, मग सैल करा. तरी नाही आला तर गॅसने तापवा, पण जवळ डिझेलची टाकी नाही हे बघून. टाकी पहिल्याच दिवशी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला वेल्डिंग घरी करायचंच नाही.

सुट्या लहान भागांसाठी एक सोपा उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, 12 व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह तार भागाला आणि पॉझिटिव्ह तार साध्या लोखंडाच्या पट्टीला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, आणि काम उघड्यावर, कारण हायड्रोजन सुटतो. जिथे गंज पूर्ण निघतच नाही तिथे बाजारात गंज काळा करणारं द्रावण मिळतं, त्यातल्या काहींत टॅनिन असतं. हिरड्यातही तेच असतं. आमच्या आजीची विळी कच्चा फणस चिरताना काळी पडायची, ती रसायनं याच घराण्यातली. गाडीला मात्र हिरड्याचा काढा लावायला जाऊ नका, मी लावून पाहिला, डाग माझ्या सदऱ्याला जास्त चांगला बसला.

पत्र्याचं सांगायचं तर 18 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, स्वस्त पडला म्हणून आणाल, तर वेल्डिंग करताना जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. सडलेल्या पत्र्यावर पत्रा डकवणारा वेल्डर आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं. सडका भाग धड लोखंड लागेपर्यंत कापायचा आणि मगच जोडायचं. खड्डा लांबीने (पुट्टीने) भरून देतो म्हणणाऱ्याचंही तेच. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या दोन्ही तारा काढलेल्या हव्यात.

इंजिनाचं मी थोडक्यात सांगतो, कारण तेच सगळ्यात कमी रडवतं. माझ्या गाडीत प्यूजोच्या रचनेचं 2112 सीसीचं डिझेल आहे, त्या काळच्या महिंद्राच्या जीपांनाही हेच असायचं, त्यामुळे सुटे भाग अजून सापडतात. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार दिवस थांबा, मग हाताने फिरवा. पेट्रोल गाडी असेल तर नळ्या आणि कार्ब्युरेटरचे रबर बदला, हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. ब्रेक मात्र सगळे नवे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क, आणि पोरं लांब.

रंगाच्या आधीची तयारी ही रंगापेक्षा मोठी. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. मी केबिनचा तळ दुपारी लखलखीत केला, थकलो, म्हटलं उद्या. रात्री दव पडलं आणि सकाळी सगळ्यावर नारिंगी साय. माझ्या हाताचे पंजे जिथे टेकले होते तिथे जास्त, घामातही मीठच. म्हणून हातमोजे घाला, आणि एका दिवसात जेवढं झाकता येईल तेवढंच उघडा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण ओल आत घेतो, किनाऱ्यावर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर परवडतं. रंगाची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, पत्रा हाताला कोमट लागायला हवा. वारा समुद्राकडून सुटला की बंद करा. चेसिसच्या पोकळीत शेवटी मेणाचं आवरण मारायचं, त्याची नळी आणि कॅन आधीच मागवून ठेवा. काढलेलं इंजिन ऑइल मारायची जुनी रीत आहे, पण ते बुशांचं रबर खातं आणि अंगण नासतं.

रंग बदलायचा बेत असेल तर आरसीवर लिहिलेला रंग कोणता ते बघा आणि आधी आरटीओत विचारून या. दसऱ्याच्या आत पेंटरला गाठून दिवस ठरवा, कारण थंडीत त्याच्याकडे होड्यांचंही काम असतं. आणि सुट्या केलेल्या भागांसाठी रिकाम्या पेट्या गोळा करा, प्रत्येकीवर खडूने नाही, मार्करने लिहा, कारण पडवीतल्या ओलीत खडू टिकत नाही. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) कड्या एका पेटीत, दारांच्या बिजागऱ्या दुसरीत, प्रत्येक सोडताना मोबाइलवर फोटो. घरातल्यांना सांगून ठेवा की या पेट्यांत आंबे नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांच्या गाडीत एक पेटी चढली होती, आणि फोन आला तो थेट डोंबिवलीहून.