बॅटरीवरचे लॉन मूव्हर घेण्याआधी: गुंठे, वॉट-तास आणि जुलैतले गवत

बॅटरीवर चालणारे गवतकापणी यंत्र घ्यावे की पेट्रोलचे, हा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला की चर्चा यंत्राच्या किमतीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. माझा आग्रह असा आहे की दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हिरवळ मोजावी, कारण यंत्राची ताकद आणि त्याचा खर्च ही दोन्ही गणिते त्याच आकड्यावर उभी राहतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. पुढचा हिशेब मी पाच गुंठ्यांचा मांडतो, कारण पुण्यात आमच्या सोसायटीची हिरवळ तेवढीच आहे.

४० सेंटिमीटर रुंदीचे पाते घेतले आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवली, तर प्रत्यक्षात ३५ सेंटिमीटर पट्टा कापला जातो. ताशी तीन किलोमीटर वेगाने चालल्यास तासाला हजार चौरस मीटर होतात. परंतु वळणे, आळ्यांभोवतीचे फेरे आणि गवताची पेटी रिकामी करणे यांत एक तृतीयांश वेळ जातो. म्हणून पाच गुंठ्यांना पाऊण तास लागतो आणि त्यातला सुमारे अर्धा तास पाते खऱ्या अर्थाने गवतात असते.

आता बॅटरीकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत व्होल्ट छापलेले असतात, पण त्यावरून यंत्र किती वेळ चालेल हे कळत नाही. एका यंत्रावर ३६ व्होल्ट आणि शेजारच्या यंत्रावर ४० व्होल्ट लिहिलेले असले, तरी दोन्हींत बहुधा लिथियमचे दहाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एका कंपनीने सरासरी दाब सांगितलेला असतो आणि दुसरीने पूर्ण चार्ज झाल्याक्षणीचा. पाहायचे ते वॉट-तास, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते तो आकडा. सरासरी व्होल्टला अँपियर-तासांनी गुणले की ते मिळतात: ३६ गुणिले ५ म्हणजे १८०. कोरड्या, नीट राखलेल्या गवतात मोटर ५०० वॉट ओढते असे धरले, तर अशी एक बॅटरी २१ मिनिटांत संपते. म्हणजे पाच गुंठ्यांसाठी दोन बॅटऱ्या लागतात, आणि एका बॅटरीसह सांगितलेली किंमत आपल्या उपयोगाची नाही. सुट्या बॅटरीची किंमत आणि तिची वॉरंटी यंत्रापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही आधीच लेखी घ्याव्यात.

खरी परीक्षा जुलैत होते. संततधार चार दिवस लागून पाचव्या दिवशी उघडीप मिळाली की हरळी घोट्याच्या वर आलेली असते, पाती पाण्याने जड असतात आणि कापलेले गवत पात्याच्या वरच्या कवचाला आतून लगद्यासारखे चिकटून बसते. अशा वेळी पात्याचा सूर एकदम खाली उतरतो, मग मोटर जोर लावते आणि बॅटरी निम्म्या वेळेत संपते. त्यावर उपाय म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पावसाळ्यात आठवड्याला कापणी करावी आणि एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. गवताचे शेंडे दोन दिवसांनी पांढुरके, चिरफाळलेले दिसू लागले तर पाते बोथट झाले आहे असे समजावे; बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि त्यासाठी जास्त वीज खाते. पात्याला हात लावण्यापूर्वी बॅटरी बाहेर काढावी, ही गोष्ट माळीकाकांना स्वतः करून दाखवावी.

पैशांचा हिशेब असा. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला धरून वर्षाला सुमारे ३५ कापण्या होतात. एका कापणीला, चार्जिंगमधली घट धरूनही, अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. युनिट दहा रुपये धरले तरी वर्षाला पावणेदोनशे रुपयांच्या आत भागते. पेट्रोलच्या यंत्राला दर कापणीला अर्धा लिटर आणि लिटरला १०५ रुपये धरले, तर वर्षाला १,८०० रुपयांच्या वर जातात. इंजिन ऑइल, प्लग, फिल्टर आणि कार्ब्युरेटरची सफाई मिळून आणखी दीड हजार धरू. म्हणजे बॅटरीवर वर्षाला तीन हजारांच्या आसपास वाचतात. पण दोन बॅटऱ्या प्रत्येकी दहा हजारांच्या असतील आणि सहा वर्षांनी बदलाव्या लागतील, तर ती बचत त्यांच्यातच जाते. पाच गुंठ्यांवर पैशांच्या दृष्टीने दोन्ही पर्याय जवळपास सारखे पडतात, हे मी बैठकीतही स्पष्ट सांगितले. तरीही मी बॅटरीच्या बाजूने उभा राहिलो, कारण सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या आजारी माणसांच्या खिडकीखाली इंजिन चालवणे मला पटत नाही, आणि धूर शेवटी माळ्याच्याच नाकात जातो. हिरवळ एका-दोन गुंठ्यांची असेल तर हाताने ढकलायचे रोलरचे यंत्र सर्वांत स्वस्त पडते. एकरभर मैदानाला मात्र बॅटरी सध्या परवडत नाही.

वर्षाला प्रत्येक बॅटरी ३५ वेळाच चार्ज होते, त्यामुळे ती वापराने झिजण्याआधी वयाने आणि उन्हाने खराब होते. म्हणून ती पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता जिन्याखालच्या थंड खोलीत ठेवावी, कापणीनंतर निवल्यावरच चार्जरला लावावी, आणि महिनाभर काम नसेल तर अर्धी भरून ठेवावी. पहिल्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख लिहावी आणि पूर्ण चार्जवर ती किती मिनिटे चालली तेही लिहावे. दर डिसेंबरात कोरड्या गवतावर तीच मोजणी करावी, आणि वेळ दोन तृतीयांशावर आला की पुढच्या अंदाजपत्रकात नव्या बॅटरीची तरतूद करावी.