आरव्हीत राहताय? आधी टाक्या रिकाम्या करायला शिका

आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचं राहायचं तर टाक्या नीट समजून घ्या, बाकी सगळं नंतर. ब्लॅक टँक म्हणजे संडासाची, ग्रे म्हणजे सिंक आणि अंघोळीची. आरव्ही उभी करायच्या पार्कात सीवरचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं, कनेक्शन असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घाण तळाशी सुकून घट्ट बसते, मग ती काढता काढता नाकी नऊ येतात. टाकी दोन तृतीयांश भरली की हातमोजे घाला, सांडपाण्याचा पाइप घट्ट बसवा, आधी ब्लॅक सोडा आणि मगच ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुवून निघतो. पिण्याच्या पाण्याची नळी मात्र वेगळीच, ती या पाइपाजवळ ठेवायचीसुद्धा नाही. आणि फोडणीचं तेल सिंकमध्ये अजिबात नको, कढई आधी टिश्यूने पुसून घ्यायची.