हेपटायटिस सी च्या गोळ्यांचे 12 आठवडे कसे काढायचे

हेपटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, लिव्हर बिघडवणारा व्हायरस. त्यावर रोज एक गोळी, 12 आठवडे, म्हणजे 84 गोळ्या, एका डब्यात 28 असे तीन डबे, यात काय कठीण आहे असं मलाही वाटलं होतं. गोळी खरंच सोपी आहे, पण त्या गोळीच्या आजूबाजूला आपण काय काय पोटात ढकलत असतो ना, खरी गडबड तिथे होते.

आधी माझं सांगते. मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. 1998 साली डिलिव्हरीच्या वेळी मला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं आणि तेव्हा आपल्याकडे रक्तपेढीत हेपटायटिस सी ची टेस्ट सक्तीची नव्हती. कळलं कधी, तर पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीच्या ब्लड टेस्टमध्ये! इतकी वर्षं ना कावीळ, ना ताप, थोडा थकवा होता पण तो कोणत्या बाईला नसतो.

सुरू करायच्या आधी

अँटीबॉडी (व्हायरस कधीतरी अंगात आला होता याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच आजार आहे असं नाही, व्हायरस आत्ता अंगात आहे का ते आरएनए टेस्ट सांगते, ज्याला सगळे वायरल लोड म्हणतात. काही जणांचा व्हायरस आपोआप गेलेला असतो. तर आधी ती टेस्ट, मग एलएफटी म्हणजे लिव्हरची टेस्ट, सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची टेस्ट, किडनीची टेस्ट, सोनोग्राफी, आणि लिव्हर किती कडक झालंय ते बघायला फायब्रोस्कॅन. आणि हेपटायटिस बी ची टेस्ट झालीच पाहिजे, आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. अंगात बी लपलेला असेल आणि सी ची ट्रीटमेंट चालू केली तर सी गेल्यावर बी उसळी मारू शकतो.

खर्चाचं टेन्शन असेल तर 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस कार्यक्रम चालू आहे, त्यात टेस्ट आणि गोळ्या दोन्ही फुकट मिळतात. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत नुसतं 'काविळीचं औषध कुठे मिळतं' असं विचारू नका, कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

इंजेक्शनच्या गोष्टी ऐकून घाबरू पण नका. माझ्या मावसभावाने सांगितलं की अगं त्यात केस जातात, डिप्रेशन येतं, ताप येतो. ते खरं आहे पण ते जुन्या इंटरफेरॉनचं, आठवड्याला एक इंजेक्शन, 24 नाहीतर 48 आठवडे, आणि तरी बरेच जण बरे व्हायचे नाहीत. आता इंजेक्शन नाही, सोफोसबुविरसोबत वेलपाटासविर किंवा डॅक्लाटासविर या व्हायरस मारणाऱ्या गोळ्या देतात आणि 95 टक्क्यांच्या वर लोक बरे होतात. लिव्हर जास्त खराब असेल तर 24 आठवडे किंवा सोबत रिबाविरिन हे अजून एक औषध देतात, ते डॉक्टर ठरवतील.

पहिलं काम, पिशवी रिकामी करा

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. बीपीची, शुगरची, झोपेची, पावडर, चूर्ण, जिमचा डबा, सगळं. मी फक्त 'शुगरची गोळी चालू आहे' एवढंच सांगितलं होतं कारण अॅसिडिटीची गोळी हे औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. आपण सगळेच सकाळी उठून पॅन-डी टाकतो, चहासारखं. पण वेलपाटासविर अंगात लागायला पोटात अॅसिड लागतं, ते मारून टाकलं तर गोळी घेऊनही पूर्ण फायदा मिळत नाही. माझ्या डॉक्टरांनी ती बंद केली आणि जळजळ झालीच तर साधं अँटासिड सिरप, तेही या गोळीपासून चार तास लांब असं सांगितलं.

अजून काही, फिट्सच्या गोळ्या (कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन) आणि टीबीचं रिफाम्पिसिन यांच्यासोबत ही ट्रीटमेंट चालत नाही. हार्टच्या ठोक्यांसाठी अॅमिओडॅरोन घेत असाल तर सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायक कमी होऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा डोस बदलावा लागतो. स्वतःहून मात्र काही बंद करू नका, फिट्सची गोळी तर अजिबातच नाही.

आणि काढे. नातेवाईकांना कळलं की काविळीची माळ येते, नाकात टाकायचे थेंब येतात, गुळवेल येते. माळ घाला बापडे, गळ्यात राहते, पोटात जात नाही. गुळवेलीचं मात्र 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनीच मांडलं होतं की काही पेशंटना ती घेतल्यावर लिव्हरला सूज आली, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, त्यांचा वाद त्यांच्यापाशी. आपलं लिव्हर आधीच आजारी आहे, त्यावर प्रयोग कशाला? सासूबाईंना मी सांगितलं की आई, 12 आठवडे थांबा, मग बघू, त्या थोड्या रुसल्या पण ऐकलं.

गोळीची वेळ

वेळ अशी धरा जी सुट्टीतही मोडणार नाही. मी आधी सकाळी घ्यायचे, मग ऐरोलीहून ठाण्याला जाताना ट्रेनमध्येच डोकं धरायचं आणि मळमळायचं. डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर केली, मग बरं वाटलं. माझी गोळी जेवून किंवा रिकाम्या पोटी कशीही चालायची, त्यामुळे चतुर्थीच्या उपासालाही चुकली नाही, तुमचं कॉम्बिनेशन वेगळं असेल तर विचारून घ्या.

विसरलात तर, सोफोसबुविर-वेलपाटासविरचं असं आहे की ठरलेल्या वेळेपासून 18 तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, त्याच्या पुढे गेलं तर ती सोडा आणि पुढची वेळेवर, दोन एकदम कधीच नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते, मग शेवटी एक गोळी कमी पडते म्हणून त्याच दिवशी फोन करून सांगून ठेवा. मी फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं, मुलगी रोज रात्री टिक करायची आणि राहिली की घर डोक्यावर घ्यायची.

त्रास होतो तो कसा

डोकेदुखी, थकवा, मळमळ, झोप न लागणं, बहुतेकांना एवढंच होतं आणि काहींना तेही नाही. मला पहिले दोन आठवडे संध्याकाळी चारनंतर बॅटरी उतरल्यासारखं व्हायचं. ऑफिसात मी साहेबांना एवढंच सांगितलं की औषध चालू आहे, तीन महिने जड फाइल्स सकाळी द्या. पाणी भरपूर, दुपारनंतर चहा बंद, आणि डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल पण डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसातच. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक वगैरे, मेडिकलवाल्याने दिल्या म्हणून घेऊ नका.

शुगरवाल्यांनी हे नीट वाचा. व्हायरस कमी व्हायला लागला की शुगर आपोआप सुधारू शकते, पण गोळी तर जुन्याच डोसची चालू असते. तिसऱ्या आठवड्यात ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर मला घाम फुटला, हात थरथरायला लागले, शेजारच्या ताईंनी पर्समधून चिक्की काढून दिली म्हणून निभावलं. शुगरची गोळी लगेच कमी करून घेतली. घरी मशीन ठेवा, पहिला महिना रोज बघा.

रिबाविरिन असेल तर गोष्ट वेगळी, त्यात हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते म्हणून सीबीसी सारखं करतात. आणि नवरा-बायकोपैकी कोणीही ते घेत असेल तर ट्रीटमेंटमध्ये आणि नंतर सहा महिने तरी दिवस राहू देऊ नका.

डोळे पिवळे, काळी शौच, रक्ताची उलटी, पोटात पाणी, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

घरात

ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, जेवणातून, मिठीतून, एकत्र बसण्यातून हे पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, नेलकटर आणि टूथब्रश, म्हणजे जिथे रक्त लागतं ते. घरच्यांची एकदा टेस्ट करून घ्या. सी ला लस नाही, बी ला आहे, ती सगळ्यांनी घ्यावी. दारू पूर्ण बंद, 'एकच बिअर' पण नाही. हळद-तेल बंद करून उसाच्या रसावर राहायचं काही कारण नाही, मला शुगर असून तीन जणांनी उसाचा रस सुचवला! साधं घरचं जेवा.

गोळ्या संपल्यावर

शेवटच्या गोळीनंतर आपण सुटलो असं वाटतं, पण खरा निकाल त्यानंतर 12 आठवड्यांनी आरएनए टेस्टमध्ये लागतो. ही वाट बघणं मला गोळ्यांपेक्षा जड गेलं. ती टेस्ट चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून पुष्कळ लोक जातच नाहीत.

निगेटिव्ह आली की व्हायरस गेला, पण अँटीबॉडी मात्र आयुष्यभर पॉझिटिव्हच दाखवणार. पुढे कुठल्याही ऑपरेशनला, ऑफिसच्या मेडिकलला, इन्शुरन्सला कोणीतरी दचकणार आणि तुम्हाला परत पहिल्यापासून समजावत बसावं लागणार. त्यासाठी आरएनएच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये आणि दोन झेरॉक्स फाइलमध्ये, मी तर एक पर्समध्येच ठेवते. रक्तदान मात्र करता येणार नाही. आणि लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कायमचं कडक आणि खराब होण्यापर्यंत गेलेलं असेल तर व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, त्याची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहून टाका.