कोलेस्टेरॉलसाठी बदाम-अक्रोड खाताय? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की बरेच जण दुसऱ्याच दिवशी बदाम-अक्रोड सुरू करतात. निर्णय चांगलाच आहे. पण पुढच्या तपासणीत आकडा जिथल्या तिथे आणि वजन वाढलेलं, असं झालं तर आधी एक गोष्ट तपासा: रोजच्या खाण्यातलं काय कमी केलंत?

28 ग्रॅम बदाम म्हणजे साधारण 23 दाणे, आणि त्यात 160च्या आसपास कॅलरी. त्या बिस्किटं किंवा तळलेल्या पदार्थांच्या जागी यायला हव्यात, वरून नव्हे. संतृप्त चरबी जाऊन असंतृप्त चरबी आली की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. शिवाय या दाण्यांमधल्या फायटोस्टेरॉल या वनस्पतिजन्य घटकामुळे आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. जागा बदललीच नाही, तर फायद्यातला मोठा भाग हातचा जातो.

दुसरी चूक जास्त धोक्याची: बदाम सुरू झाले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं. 25 प्रयोगांच्या 2010 मधल्या एकत्रित विश्लेषणात रोज सरासरी 67 ग्रॅम असे दाणे खाऊन एलडीएल सुमारे 7 टक्के उतरलं. ज्यांचं मुळात जास्त होतं त्यांना फायदा अधिक झाला, हे खरं. पण स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी ते 30 ते 50 टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरतं. दाणे गोळीच्या सोबतीला आहेत, गोळीऐवजी नाहीत.

मनुका आणि खजूर यांना बदामांच्या रांगेत बसवू नका. त्यात साखर भरपूर आणि असंतृप्त चरबी जवळजवळ नाहीच. ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेलं असेल तर इथे हात आवरायलाच हवा. शेंगदाण्यांना मात्र कमी लेखू नका, त्यांची चरबीही बहुतांश असंतृप्तच असते.

खारवलेले दाणे रक्तदाब असलेल्यांनी टाळावेत. अक्रोड फोडल्यावर खवट वास आला तर टाकून द्या. उरलेले हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खाणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना कमी झाल्या. पण त्या लोकांचा सगळा आहारच भाज्या, डाळी, मासे आणि ऑलिव्ह तेलाकडे वळवलेला होता, हे विसरू नका.

बदल केल्यावर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त असेल तर तेवढंही थांबू नका, आधी डॉक्टरांना भेटा.