पोच घेतली का, ताई?

पर्यावरणाचं काम करायचं म्हणून सोलापुरात येणारी पोरं आधी माळढोक विचारतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जरूर जा. पण काम नाल्याकाठी असतं, आणि तिथल्या विडीकामगार बायका तेलुगूत भांडतात. बोलता नाही आलं तरी ऐकून कळायला हवं. बैठक पाण्याच्या दिवशी ठेवू नका. चार-पाच दिवसांनी नळ आलेला असताना चळवळीला कोण येणार?

आता माझी चूक. एका डाईंगवाल्याचं रंगीत पाणी नाल्यात यायचं. आम्ही तीन निवेदनं दिली. कचेरीतले साहेब चहा पाजायचे, फोटो काढू द्यायचे. पोच मागितली की म्हणायचे, "कशाला ताई? आम्ही आहोत ना." मला तो आपलेपणा वाटला! पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी रजिस्टर चाळलं. आमच्या नावावर एकही नोंद नव्हती. फोटो दाखवला, तर त्यात कागद दिसत होता, मजकूर नाही.

तेव्हा निवेदन साहेबाच्या हातात नाही, आवक-जावकच्या टेबलावर द्यायचं. दोन प्रती न्यायच्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. तारीख पुसट उठली तर परत मारून घ्या, लाजू नका. घेतच नसतील तर पोच मिळेल असं स्पीड पोस्ट; रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. माहिती अधिकारातही तेच: 30 दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात, उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला पुढचे 30 दिवस. तारीखच नसेल तर मोजणार कुठून? हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयात, दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिन्यांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर वर फार तर 60 दिवस. नाला अजून वाहतोय म्हणजे मुदतही चालू आहे, असं मी धरून बसले होते. पुण्यात वकिलांकडे पोचलो तोवर ती उलटली होती, आणि मधले महिने आम्ही गप्प नव्हतो हे दाखवायला चिटोरंही नव्हतं.

निवेदनावर पहिली सही एका अक्कांची होती. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात त्यांच्या विड्यांची छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, वाढली. कोणी काही बोललं नाही, फक्त मजुरी कमी आली. सह्या गोल करून घ्या, म्हणजे पहिली कोणाची ते कळत नाही. हे मला कुठल्याच कार्यशाळेत कोणी सांगितलं नाही. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलीत तर चांगलंच, पण भाषणं ठोकणाऱ्या गुरूपेक्षा युनियनच्या ऑफिसात फायली लावणारा म्हातारा गाठा.

पैशाचं म्हणाल तर पहिली तीन वर्षं मी शिकवण्यांवर काढली. निभतं. चुकाल, बोलणी खाल, तेही निभतं.

त्या अक्का अजून येतात. कचेरीतून बाहेर पडताना माझ्या हातातला कागद घेतात आणि शिक्क्याला बोट लावून बघतात, शाई वाळली का.