विकिपीडियावर भटकायची माझी रीत

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्या, तरी रात्री विकिपीडिया उघडून पुन्हा तेच करतो, फक्त तेव्हा हसत हसत. तुम्हालाही भटकायचं असेल तर थोडं उलट्या बाजूने सुरू करा.

लेख समोर आला की वाचत सुटू नका. आधी वरचं ‘चर्चा’ दाबा. लेखात एका ओळीत शहाण्यासारखं जे लिहिलेलं असतं, त्यावरून तिथे लोक महिनोन्‌महिने एकमेकांवर तुटून पडलेले असतात. पोलंडमधल्या एका शहराला ग्दान्स्क हे पोलिश नाव द्यायचं की डान्झिग हे जर्मन, यावरून इंग्रजी विकिपीडियावर इतकी जुंपली की २००५ साली मतदान घ्यावं लागलं आणि शतकांच्या वाटण्या झाल्या: या काळात हे नाव, त्या काळात ते! माझ्या मते लेखापेक्षा हे वाचन जास्त मोलाचं. भांडण कशावर झालं ते कळलं, की कुठली ओळ जपून घ्यायची तेही कळतं.

मग वरचंच ‘इतिहास पहा’ दाबा. लेखात कोणी, कधी, काय बदललं ते तिथे दिसतं. भांडणं झालेल्या लेखापेक्षा मला न भांडलेल्या लेखाची भीती जास्त. एकाच माणसाने लांबलचक लिहिलं आणि नंतर कोणी फक्त स्वल्पविराम हलवले, असं दिसलं की सावध व्हायचं. २००७ साली इंग्रजीत ‘डिचोली संघर्ष’ असा एक लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात गोव्यात झालेलं युद्ध म्हणे! तेव्हा शिवाजी महाराज दहा-अकरा वर्षांचे, साम्राज्य कुठलं? तरी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत तो सुखाने नांदला. तो उडाला, कारण एकाने त्यातली संदर्भपुस्तकं शोधायला घेतली आणि ती अस्तित्वातच नव्हती. म्हणून ओळीवर तळटीपेचा आकडा दिसला की समाधान मानू नका. पुस्तकाचं नाव एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत टाकून बघा.

खरा संदर्भही फसवतो. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असेही म्हणतात’ असं घुसडलं. (आर्डव्हार्क आफ्रिकेतला, कोआटी अमेरिकेतला. नातं शून्य.) वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि पुढे त्यातल्याच एका वर्तमानपत्राचा दाखला त्या ओळीखाली येऊन बसला. यावर उपाय सोपा: ती ओळ लेखात कधी आली ते इतिहासात बघा आणि दाखल्याची तारीख ताडून पाहा. दाखला ओळीपेक्षा धाकटा असेल, तर तो बाद. इतिहास फार लांब असेल तर विकिब्लेम नावाचं साधन ती ओळ कोणत्या बदलात आली ते शोधून देतं.

औषधाच्या मात्रेसाठी मात्र इथे येऊच नका.

डोकं शिणलं की खेळ. इंग्रजी विकिपीडियावर कुठलाही लेख घ्या, कंस आणि तिरपी अक्षरं सोडून मजकुरातला पहिला दुवा दाबा. पुढच्या लेखात पुन्हा तेच. बहुतेक वेळा तुम्ही ‘तत्त्वज्ञान’ या लेखावर जाऊन आदळता. कधी दोन लेख एकमेकांकडेच बोट दाखवत राहतात. तेव्हा पहिला दुवा नुकताच कोणी बदललाय का ते बघा. हा खेळ मोडण्यासाठी मुद्दाम दुवे फिरवणारी मंडळीही आहेत.